देवजीला दिसलेला हिरवा

आता जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी पुष्कळ काही सांगून टाकलेलं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा माझ्याच विडीनं जळला, हे तिला माहीत आहे. तिच्या भावाला लग्नात दिलेलं निसर्गचित्र मी कॅलेंडरवरून उतरवलं होतं, हेही. ती रागावली, मग हसली, मग चारचौघांत सांगत सुटली. हे मात्र जिभेवर येतं आणि तिथंच बसून राहतं. आणि खरी पंचाईत अशी की नेमकं काय कबूल करायचंय तेच मला धड कळत नाही. एक गोष्ट आहे की चार? चूक कुठं संपली आणि खोटं कुठं सुरू झालं? मी आपला सांगत जातो. तुम्हाला कुठं जोड सापडला तर तिथं बोट ठेवा.

मी चित्रकलेचा मास्तर. डहाणूच्या बाजूच्या एका शाळेत तीस वर्षं मुलांना सफरचंद काढायला शिकवलं — ज्यांच्या दारात चिकू, ताड आणि पपई, त्या मुलांना सफरचंद. तो वेगळा गुन्हा, त्याबद्दल पुन्हा कधी. निवृत्त झाल्यावर तलासरीहून वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, पुढं मोठं अंगण, आणि मला दिवसभर काम नाही. माणसं अशा वेळी देवळात जातात, नाहीतर राजकारणात. मी लष्कराचा ट्रक आणला.

म्हणजे लष्करानं लिलावात काढलेला, कुणीतरी घेतलेला, त्यानं टाकलेला, आणि शेवटी सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या एका भंगारवाल्याच्या वाड्यात गवतात उभा असलेला ट्रक. मी तिथं खरं तर लोखंडी गेट बघायला गेलो होतो. भंगारवाला म्हणाला, “मास्तर, आ तो हाथी छे. आंघोळ घाला, उठून चालायला लागेल.” माझ्यातल्या चित्रकारानं त्या बोनेटची रेषा पाहिली आणि गेट विसरला. ट्रक ओढून घरी आणला तेव्हा गल्लीवरची केबलची वायर तुटली आणि ड्रायव्हरच्या सीटवरून एक कोंबडी उतरली. तिची तीन अंडी सीटखाली होती. आमच्या हिनं — निर्मलानं — कोंबडीकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं, आणि विचारलं, “हिला दाणे घालीन. ह्याला काय घालायचं?”

मला गाडीतलं काय कळत होतं? काही नाही. पण मी एक शक्कल काढली होती. कुठलाही भाग उघडण्याआधी त्याचं पेन्सिलनं चित्र काढायचं, म्हणजे परत जोडताना चुकणार नाही. कार्बोरेटरची मी काढलेली चित्रं अजून माझ्याकडं आहेत. काय छायाप्रकाश आहे — धातूची लकाकी, तेलाचा ओलसरपणा. फक्त कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, हे चित्रात कुठंच दिसत नाही. गिअरबॉक्स जोडून झाला तेव्हा तीन वॉशर आणि एक स्प्रिंग उरली. मी त्या खिडकीत ठेवल्या, आणि कुणी विचारलं तर ‘जादा होत्या’ म्हणून सांगायचो. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी मी पुढचा गिअर टाकला आणि ट्रक मागं गेला. न्हाणीघराची भिंत पडली. ही आत नव्हती, एवढंच.

हे सगळं मी रंगवून सांगतो. गावात सांगितलं, लग्नकार्यात सांगितलं, चिंचणीला मेव्हण्याकडं बोटीवाल्यांत बसून सांगितलं, लोक पोट धरून हसले. ट्रकची गोष्ट मी नेहमी न्हाणीघराच्या भिंतीपाशी संपवतो. आज कळतंय का, तिथंच का संपवतो ते?

बरं. देवजी.

देवजीचं टायरचं दुकान हायवेला लागून होतं. पत्र्याची शेड, बाहेर लाल कॉम्प्रेसर आणि टायरांची उतरंड. सायकलवाल्यापासून ट्रेलरवाल्यापर्यंत सगळे तिथं थांबायचे, पण त्याचं नाव होतं ते जड गाड्यांसाठी. अच्छाडच्या नाक्यावर एखादा ट्रेलर अडकला की ड्रायव्हर म्हणायचे, देवजीला बोलवा. टायरवर नुसता हात फिरवून तो खिळा कुठं आहे ते सांगायचा. वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असेल, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला ‘सर’ म्हणायचा. ते आत्ता लिहिताना लक्षात आलं. बघा, कबूल करायला बसलं की काय काय निघतं.

तो माझ्या ट्रककडं पहिल्यांदा आला तो टायर बघायला. चारही चाकांभोवती फिरला, एका चाकापाशी उकिडवा बसला आणि त्यानं फडक्यानं धूळ पुसली. खाली नटांची दोन वर्तुळं दिसली. एका वर्तुळातले नट गाडीच्याच रंगाचे. दुसऱ्यातले लाल — फिकटलेले, पोपडे निघालेले, पण लाल.

“हे बघून ठेवा सर,” तो म्हणाला. “हे साधे नट चाकाला गाडीवर धरतात. हे सोडले तर चाक हातात येतं. आणि हे लाल — चाकाची थाळी, म्हणजे रिम, दोन अर्ध्यांची असते, त्या दोघांना हे धरून ठेवतात. मध्ये टायर, टायरात हवा. हवा असताना लाल सोडला तर संपलं. थाळी माणसाचं डोकं घेऊन जाते.”

मी म्हणालो, मग लाल म्हणजे बाहेरचं वर्तुळ, असं लक्षात ठेवतो.

“जागा नका लक्षात ठेवू,” तो म्हणाला. “गाडी बदलली की जागा बदलते. रंग लक्षात ठेवा. मिलिटरीवाल्यांनी त्यासाठीच लावलाय. मी तेच करतो, लाल दिसला की पाना खाली.”

म्हणजे मला माहीत होतं. हे पहिल्यांदाच सांगून ठेवतो, कारण पुढं मी स्वतःला इतक्या वेळा म्हटलंय की मला काय माहीत, मी आपला चित्रकलेचा मास्तर — की मधूनमधून ते मला खरंच वाटतं. माहीत होतं. त्यानं फडक्यानं पुसून दाखवलं होतं.

वर्षभरानं रंगाची पाळी आली. ट्रक दसऱ्याला तयार व्हायचा होता. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, कोयता, मोटारसायकल, शिवणयंत्र, सगळ्याची पूजा होते, आणि मी सगळीकडं सांगून बसलो होतो की यंदा आमच्या दारात हत्तीची पूजा. इतर कामांत माझी फजिती झाली असेल, पण रंग माझा प्रांत. हिरव्यात जरा पिवळा, थोडा काळा, चिमूटभर तांबूस टाकून मी तो मातकट लष्करी हिरवा असा जमवला की माझंच मला कौतुक वाटलं. फवाऱ्याची गन भाड्यानं आणली. चाकंही फवारली — नटांसकट, एका दमात. लाल नंतर ब्रशनं पुन्हा लावायचे, असं ठरवलं होतं. लाल रंगाचा छोटा डबा आणूनही ठेवला होता.

मग मी चार पावलं मागं जाऊन पाहिलं. चाक एकसंध, शांत, सुंदर दिसत होतं. त्यावर ते लाल ठिपके? एखाद्या गंभीर माणसाच्या तोंडावर पुळ्या उठाव्यात तसे दिसले असते. तीस वर्षं मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं की हिरव्यावर लाल सर्वांत जास्त ओरडतो. तो ओरडावा म्हणूनच तिथं होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही? आलं असेल. पूजा झाल्यावर लावू, असंही आलं. मी डबा फडताळात ठेवून दिला.

दसऱ्याला दोन दिवस होते. ट्रक अंगणात पुढं-मागं करताना पुढचं डावं चाक घासल्यासारखा आवाज करायला लागलं. मी देवजीला फोन केला. तो दुपारी आला, घाईत होता, दुकानात दोन गाड्या उभ्या ठेवून आला होता. चाक उतरवून आत ब्रेकचा ड्रम बघायचा, एवढंच काम. चाक नुसतं उतरवायचं असलं की टायरातली हवा कुणी काढत नाही. मी दुसऱ्या बाजूला दारावर पांढऱ्या रंगात चिन्ह काढत होतो. लष्कराच्या ट्रकवर पलटणीचं चिन्ह हवं म्हणून मी मनानंच एक पलटण काढली होती आणि त्या कोंबडीच्या आठवणीत तिला कोंबडा दिला होता. मी कोंबड्याचा तुरा काढत होतो. देवजीनं जॅक लावल्याचा आवाज ऐकला. पाना फिरल्याचा आवाज ऐकला. एक, दोन, तीन... मला एकदाही वाटलं नाही का, की उठून सांगावं? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि हे न आठवणं मला सोयीचं आहे म्हणून त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आवाज झाला तेव्हा पाड्यावरच्या लोकांना वाटलं खाणीत सुरुंग उडाला. मला काही वाटलंच नाही, मी बसलेला होतो तो आडवा झालो होतो आणि माझ्या हातात ब्रश होता. पलीकडं गेलो. थाळीचा अर्धा तुकडा आंब्याच्या बुंध्यात रुतला होता. देवजी जमिनीवर बसला होता, आपल्या डाव्या हाताकडं बघत, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. डोकं वाचलं होतं. ते चाकासमोर नव्हतं, बाजूला होतं. ती त्याची सवय, कुठल्याही चाकासमोर तो बसत नसे.

शेजारच्या टेम्पोतून त्याला डहाणूला नेलं. हाताची दोन हाडं मोडली, सळई घालावी लागली. डाव्या हाताची दोन बोटं पुढं कधी मिटली नाहीत आणि डाव्या कानानं ऐकू येणं गेलं. मी रात्रभर तिथं होतो, मी चहा आणला, फॉर्म भरले, त्याच्या बायकोला धीर दिला. चांगला वागलो मी. सगळे म्हणाले, सर अगदी घरच्यासारखे धावले.

सकाळी घरी आलो. ही रात्रभर जागून नुकतीच झोपली होती. अंगणात चाकाचे तुकडे तसेच. मी फडताळातून लाल डबा काढला, चार नंबरचा ब्रश घेतला आणि राहिलेल्या तिन्ही चाकांचे थाळीचे नट लाल केले. स्टेपनीचेही. आता इथं मला नीट सांगू द्या, कारण इथंच माझा गोंधळ होतो. हे नट लाल असायलाच हवे होते, बरोबर? उद्या दुसऱ्या कुणी पाना लावला असता तर? म्हणजे मी जे केलं ते योग्यच होतं. उशिरा, पण योग्य. हात भराभर चालत होता आणि मी मनात म्हणत होतो, आता कुणाला लागणार नाही, आता कुणाला लागणार नाही.

मग मी फुटलेल्या चाकाचे थाळीचे नट गोळा केले. ते जमिनीवर विखुरलेले होते, काही गवतात. एकेक शोधून वर्तमानपत्रावर मांडला आणि तेही लाल केले.

त्या नटांनी आता कुणाला लागणार होतं?

उन्हात लाल वाळला, तरी फार ताजा दिसत होता, ओल्या कुंकवासारखा. मी इंजिनातलं जुनं ऑइल बोळ्यावर घेतलं, त्यात मूठभर माती घातली आणि सगळ्या नटांवरून फिरवलं. एक-दोन ठिकाणी नखानं पोपडा काढला. इतकं हुबेहूब जमलं की मी — काय सांगू तुम्हाला — मी चार पावलं मागं जाऊन पाहिलं. मग ते नट पुन्हा होते तसे गवतात टाकले. लख्ख उन्हात, दहा वाजता, स्वतःच्या अंगणात. चोरून करतोय असं मला वाटतच नव्हतं. रंगकाम करतोय असं वाटत होतं.

तासाभरानं देवजीचा भाऊ आणि पाड्यावरची चार माणसं आली. त्यांनी चाकं पाहिली, गवतातला नट उचलला.

“लाल तर हाय,” भाऊ म्हणाला.

मग एकजण हळूच म्हणाला, “ताडी घेतली असंल.”

“दुपारची नाय घेत तो,” भाऊ म्हणाला, पण त्याचा आवाज खाली गेला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा काय केलं असेल? मी देवजीची बाजू घेतली. म्हणालो, नाही नाही, देवजी तसा नाही, माणसाची नजरचूक होते. उदार माणसासारखा बोललो. दसऱ्याची पूजा मी रद्द केली, तेव्हाही लोक म्हणाले की सरांना फार लागलंय मनाला.

तीन आठवड्यांनी देवजी आला. हात गळ्यात अडकवलेला. ‘बसा-उठा’ काही नाही, सरळ ट्रकपाशी गेला आणि मागच्या चाकासमोर बसला. समोर नव्हे, बाजूला. खूप वेळ बघत राहिला. पाऊण तास असेल. मी ओसरीवर बसून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो.

मग तो ओसरीवर आला. “सर,” तो म्हणाला, “मला हिरवे दिसले.”

एवढंच. तक्रार नव्हती त्यात. गाडी कुठं बिघडलीय ते मेकॅनिकला सांगावं तसं सांगत होता. त्याला म्हणायचं होतं की मी बघितलं होतं, घाईत असलो तरी बघितलं होतं, दोन्ही वर्तुळं हिरवी होती, म्हणून हाताला जवळचं धरलं. आणि आता इथं लाल आहे. तर मग मला काय झालं होतं?

तुम्ही काय म्हणाला असता? साधं उत्तर होतं. मराठीत चार शब्द लागतात — ते हिरवेच होते, देवजी. माझ्या तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, “काही लोकांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मतःच असतं ते. पुष्कळांना म्हातारपणापर्यंत कळतसुद्धा नाही.”

कुठून आलं ते? खरंच असतं तसं, मी शाळेत अशी दोन मुलं पाहिली होती, झाडाची पानं तपकिरी रंगवणारी. ज्ञान होतं ना माझ्याकडं. आणि देवजीच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते सांगतो. तो घाबरला, पण त्याला बरंही वाटलं. ताडी नाही, घाई नाही, म्हातारपण नाही — डोळ्यांतच काहीतरी आहे, आणि सरांना ते माहीत आहे.

“तपासता येतं?” त्यानं विचारलं.

मी आतून खडूंची पेटी आणली. हो, आणली. एकेक खडू वर धरला आणि तो सांगत गेला — लाल, हिरवा, पिवळा, जांभळा. दोन हिरवे एकत्र धरले तर म्हणाला, हा भाताच्या रोपाचा आणि हा आंब्याच्या पानाचा. माझ्या तीस वर्षांतल्या कुठल्याही मुलानं इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. एकही चुकला नाही. ही दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, “अहो, ह्यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे.”

आणि मी म्हणालो, “सावलीत जमतं. उन्हात, घाईत, धूळ असली की फसगत होते. असंच असतं ते.”

देवजीनं मान हलवली. हात गळ्यात असलेल्या माणसानं मान हलवली की ती नमस्कार केल्यासारखी दिसते.

मी तुम्हाला सांगितलं ना, मला कळत नाही की कबूल नेमकं कशाचं करायचं. लाल न लावल्याचं? तो आळस होता, हौस होती, माणसाकडून होतं. नंतर लावल्याचं? मी घाबरलो होतो. पण त्या दुपारी ओसरीवर मला कोण घाबरवत होतं? देवजी माझ्यावर आळ घ्यायला आलाच नव्हता. तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची परवानगी मागत होता.

पुढं त्याचा हात बराच सुधारला. दोन बोटं मिटत नसली तरी पाना धरता यायचा, टायर काढायचं यंत्र होतंच. पण जड गाड्या त्यानं बंद केल्या. ड्रायव्हर थांबायचे तर तो म्हणायचा, पुढं जा, मला दिसत नाय बरोबर. मोटारसायकली करायचा, सायकली करायचा, आणि तिथंही व्हॉल्व्हवर हात ठेवून दोनदा बघायचा. बाजारात मिरच्या घेताना मी त्याला पाहिलं — बायकोला दाखवून विचारत होता, पिकलेली आहे ना? ती म्हणाली, “डोळं फुटलं का तुमचं, लालभडक हाय.” तो हसला. मी कांद्यांच्या ढिगामागून दुसऱ्या वाटेनं गेलो.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. कधी कधी मलाच शंका यायची — खरंच मी फवारताना नट झाकले होते का? चिकटपट्टी लावली होती का त्यांना? मग मी जाऊन एखाद्या नटावर नख मारायचो. वरचा लाल निघायचा, खाली माझा हिरवा, त्याच्याखाली जुना लाल. तिन्ही थर नीट दिसायचे. मी पुन्हा त्यावर ऑइल लावून यायचो.

गेल्या हिवाळ्यात तलासरीत डोळे तपासणीचं शिबिर झालं. देवजी तिथं गेला, मला न विचारता. आणि तिथून सरळ माझ्याकडं आला. मी चिकूच्या आळ्याला पाणी लावत होतो. तो खुशीत होता म्हणू की घाबरलेला म्हणू, मला ठरवता आलं नाही.

“डॉक्टर बोलला नजर चोख हाय,” तो म्हणाला. “ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. रंगाच्या ठिपक्यांत आकडे असतात, सगळे वाचले मी. मी बोललो पुन्हा दाखवा, तर पुन्हा दाखवलं. बोलला, तुम्हाला काही झालेलं नाही.”

मी पाइप दुसऱ्या आळ्यात धरला.

“आता तुम्ही सांगा सर,” तो म्हणाला. “उधव्याचा एकजण कॉम्प्रेसर मागतोय, यंत्रासकट. उद्या टेम्पो घेऊन येतो बोललाय. नजर चांगली असंल तर मी देत नाय, पुन्हा मोठं काम धरतो, अजून पाच-सात वर्षं होतील माझ्याच्यानं. पण डॉक्टरनं मला दोन मिनिटं बघितलं. तुमचं सगळं आयुष्य रंगात गेलं. कोणाचं धरू?”

एवढं सोपं करून कुणी कुणाच्या हातात देत नाही. त्यानं डॉक्टरचं उत्तर आणलं होतं. मला नवीन काही बोलायचंच नव्हतं. ‘डॉक्टरांचं धर’ एवढं म्हटलं असतं तरी माझ्या नटांबद्दल त्याला काही कळलं नसतं. मी सुरक्षित राहिलो असतो आणि त्याचे डोळे त्याला परत मिळाले असते. हे मला तेव्हा, तिथं, पाइप हातात असताना कळलं होतं. मग? डॉक्टरांचं खरं मानलं तर मग त्याला त्या दिवशी हिरवे का दिसले, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता, आणि तो विचार करणारा माणूस आहे, पाऊण तास चाकापाशी बसणारा. तेवढ्यासाठी?

मी म्हणालो, “शिबिरातल्या डॉक्टरांना घाई असते, देवजी. पुस्तकातले ठिपके वेगळे आणि उन्हातलं काम वेगळं. जपलेलं बरं.”

तो “बरं सर” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानावर गेलो. का गेलो ते विचारू नका. टेम्पो लागलेला होता. कॉम्प्रेसर जड, देवजीच्या डाव्या हातात तेवढी ताकद नव्हती, आणि आलेल्या माणसाबरोबर दुसरं कुणी नव्हतं. मी खाली बसून खांदा दिला आणि आम्ही तिघांनी तो वर चढवला. उतरताना माझ्या तळव्यांना काळं वंगण लागलं होतं. देवजीनं शेडमधून स्वच्छ फडकं आणलं, थोडं रॉकेल ओतलं आणि माझे हात एकेक बोट धरून पुसून दिले.